तळाशी काय घालायचं?

नवरात्र सरलं की पुणे–सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपासच्या रोपवाटिकांमध्ये गर्दी वाढते. शेवंती आणि झेंडूची रोपं टेम्पोत चढतात, आणि त्यांच्याबरोबर कुंड्याही. पूर्वी त्या वीतभर मातीच्या असायच्या. आता दीड-दोन फुटी प्लास्टिकच्या कुंड्या, सिमेंटच्या चौकोनी पेट्या, फायबरचे कंबरेइतके उंच प्लँटर आणि मधोमध कापलेले निळे ड्रम जातात. झाड कोणतं घ्यायचं हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडखळायला होतं ते कुंडी गच्चीवर पोचल्यावर. रिकामी कुंडी समोर, शेजारी दोन पोती माती, आणि प्रश्न: तळाशी काय घालायचं?

याला महाराष्ट्रात घरोघरी एक तयार उत्तर आहे. आधी विटांचे तुकडे किंवा खडी, त्यावर वाळू, मग माती. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. आजीने असंच केलं, माळीकाका असंच करतात, शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासालाही असंच शिकवलं. लहान कुंडीत या थराने फार बिघडत नाही. पण दोन फुटी कुंडीत माणसं चार-पाच घमेली खडी ओततात, म्हणजे कुंडीचा चौथा हिस्सा दगडांना देऊन टाकतात. मोठी कुंडी आपण खोलीसाठी विकत घेतो आणि पहिल्याच दिवशी ती खोली बुजवतो. या लेखाचा माझा आग्रह एवढाच आहे की ती खोली झाडाला मिळाली पाहिजे.

दगड घातले की पाणी भराभर खाली जाईल हे मनाला पटतं, पण मातीतलं पाणी तसं वागत नाही. मातीच्या बारीक कणांमधल्या फटी पाणी ओढून धरतात. फट जितकी बारीक तितकी पकड घट्ट. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना असली ओढ नसते. त्यामुळे खाली उतरणारं पाणी मातीच्या शेवटच्या थरापाशी येऊन थबकतं. तो थर पुरता भिजून तुडुंब झाला की मगच पाणी खडीत पडू लागतं. कुंडीला तळाशी चिखलाचा एक पट्टा असतोच. खडी घातल्याने तो जात नाही, वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. 1959 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात वॉल्टर गार्डनर आणि जे. सी. शे यांनी काचेच्या पेट्यांमध्ये मातीचे वेगवेगळे थर रचून त्यातून सरकणाऱ्या पाण्याचं चित्रण केलं होतं. बारीक मातीतून उतरणारी ओल जाड कणांच्या थरावर येऊन अडते आणि आडवी पसरत जाते, हे त्यात दिसतं.

ते चित्रण पाहायला मिळालं नाही तरी घरात करण्यासारखा एक प्रयोग आहे. भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता न पिळता तोच स्पंज लांबीच्या बाजूने उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं. स्पंज तोच आणि छिद्रंही तीच असतात, फक्त उंची वाढलेली असते. गळणं थांबल्यावर चाचपून पाहिलं तर खालची पट्टी अजून गच्च ओली लागते आणि वरचा भाग नुसता दमट. कुंडीत नेमकं हेच घडतं. ओल्या पट्टीची जाडी भरलेल्या मिश्रणाच्या बारीक-जाडपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. पट्टी चार बोटांची असेल तर सहा इंची कुंडीत ती अर्धी कुंडी खाते आणि दोन फुटी कुंडीत तळाशीच राहते. उंच कुंडीचा खरा फायदा हा आहे, आणि खडीचा जाड थर तोच फायदा कमी करतो.

अभ्यासकांमध्ये हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. 2025 मध्येही यावर नवे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि काही थरांमुळे वरचं मिश्रण किंचित कमी पाणी धरतं असं त्यांत आढळलं. थराची जाडी, खडीचा आकार, वरच्या मिश्रणाचा पोत, सगळ्यावर ते अवलंबून असतं. म्हणून खडी घालणं हा गुन्हा आहे असं मी म्हणणार नाही. पण हा किंचित फरक मिळवण्यासाठी सहा इंच खोली आणि वर मिश्रणापेक्षा वीस-पंचवीस किलो जास्तीचं वजन मोजायचं, हा सौदा मला पटत नाही. भोकावर पालथी खापरी ठेवायची जुनी रीत मात्र चांगली आहे. तिचं काम निचऱ्याचं नाही. माती वाहून जाऊ नये आणि भोक बुजू नये, इतकंच. नायलॉनच्या जाळीचा तुकडा तेच काम करतो. त्यापेक्षा भोकं पुरेशी आहेत का हे बघावं. दोन फुटी कुंडीला मधोमध एकच भोक असेल तर कडेने आणखी चार-पाच पाडून घ्यावीत, आणि कुंडी जमिनीवर टेकवून न ठेवता विटांवर ठेवावी. भोक फरशीला चिकटलं की आत काय भरलंय याला अर्थ उरत नाही.

थराचा प्रश्न सुटला तरी खरा प्रश्न उरतोच: मग भरायचं काय?

शेतातली उत्तम माती आणून कुंडी भरली तर झाड उत्तम येईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. गावाकडून येताना गाडीच्या डिकीत घरच्या शेतातली काळी माती घालून आणणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्यामागची माया खरी असते, पण कुंडीत ती माती झाडाला मारते. शेतात मातीच्या खाली मातीच असते, पाणी सलग खाली ओढलं जातं. शिवाय गांडुळं, मुंग्या, जुन्या मुळांच्या पोकळ्या यांनी तिला घर करून दिलेलं असतं. कुंडीत तळ आला की ती ओढ तुटते. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. कुंडीत ती मे महिन्यात कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. जुलैत तोच गोळा चिखल होतो. कोकणातली लाल माती त्या मानाने बरी, पण नुसती तीही दोन पावसाळ्यांत दबून घट्ट होते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भिजवून निथळल्यानंतरही मिश्रणाच्या आकारमानात दहा ते वीस टक्के हवा उरली पाहिजे, असं साधारण मानतात. नुसत्या मातीने भरलेल्या कुंडीत तेवढी उरत नाही.

हे कोडं जगभरच्या माळ्यांना छळत आलं आहे. विलायतेत शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक नावाजलेल्या माळ्याचं स्वतःचं मिश्रण असे, झाडागणिक वेगळं. 1930 च्या दशकात लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी हा पसारा आवरला. प्रयोगासाठी लावलेली रोपं कुंड्यांत मरत होती, म्हणून ते या कामाला लागले होते. त्यांनी सात भाग वाफवून निर्जंतुक केलेली पोयट्याची माती, तीन भाग पीट आणि दोन भाग जाड वाळू असं एक मिश्रण सांगितलं आणि त्यात चुना व खत मोजून घातलं. 1939 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. संस्थेने ते मिश्रण विकलं नाही, कृती सगळ्यांना खुली केली. पुढे 1957 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या केनेथ बेकर यांनी संपादित केलेल्या पुस्तिकेत माती पार वगळली गेली आणि बारीक वाळू व पीट एवढ्यावर मिश्रणं बसवली गेली. कॉर्नेल विद्यापीठाने त्यापुढे जाऊन पीटमध्ये परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट घालून ती हलकी केली.

पीट म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ. ते आपल्याकडे नाही आणि आणण्याची गरजही नाही. आपल्याकडे काथ्याचा भुसा आहे. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो चुरा उरतो त्याचे ढीग पूर्वी केरळ-तमिळनाडूत गावाबाहेर पडून असत. आता पोल्लाचीच्या कारखान्यांत त्याच्या विटा दाबल्या जातात आणि त्या कोकोपीट या नावाने पुण्या-मुंबईच्या प्रत्येक रोपवाटिकेत मिळतात. पाच किलोची वीट भिजवली की साधारण सत्तर लिटर होते. तिच्यात अन्न जवळजवळ नसतं, क्षार मात्र असतात, कारण नारळ समुद्राकाठचा आणि सोडणं बरेचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली. वीट भिजवल्यावर ते पहिलं तपकिरी पाणी टाकून द्यावं आणि निदान दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावं. इथे घाई झाली की रोपाच्या पानांच्या कडा करपतात आणि दोष बिचाऱ्या उन्हाला दिला जातो.

महाराष्ट्राचं या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम मात्र विटांतून आलेलं नाही. ते आलं पाचोळ्यातून आणि चिपाडातून.

श्री. अ. दाभोळकर गणित शिकवत. कोल्हापूर भागात राहून त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्याने आपल्याच वावरात प्रयोग करावेत, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना सांगावं, ही त्यांची रीत. तासगावच्या द्राक्षबागायतदारांबरोबरचं त्यांचं काम सर्वपरिचित आहे. पण त्याच विचाराचं एक टोक शहरातल्या गच्चीपर्यंत आलं. पान सूर्यप्रकाश साठवतं, पाचोळा म्हणजे साठवलेला सूर्यप्रकाश, आणि तो कुजून जी काळी, भुसभुशीत माती होते ती कुठेही बनवता येते, डांबरी रस्त्यावरसुद्धा, असं ते हिरिरीने मांडत. मुंबईत वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. रमेश दोशींनी उसाचं चिपाड घेतलं. रसवंतीच्या दारात पडलेलं, कुणाला नको असलेलं. पिशव्यांत आणि ड्रममध्ये बहुतांश चिपाड, त्यावर थोडी माती आणि खत, आणि त्यात भाज्या, फळझाडं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराचं काम पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी या दोघांच्या विचारातून प्रेरणा घेऊन त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग केली. हजारो कामगारांच्या जेवणातून रोज उरणारी भाजीची देठं-सालं तिथेच जिरू लागली. पुढे त्यांच्या ‘अर्बन लीव्ह्ज’मधून अनेक मुंबईकर ही पद्धत शिकले.

कुंडी ‘भरायची’ या कल्पनेलाच या लोकांनी वेगळं वळण दिलं. तयार माती विकत आणून ओतायची आणि काम संपलं असं मानायचं नाही. कुंडीत कच्चा माल घालायचा आणि माती तिथेच तयार होऊ द्यायची. मला ही पद्धत मोठ्या कुंडीसाठी सगळ्यात योग्य वाटते. लहान कुंडीत पाचोळा नीट कुजत नाही, भराभर सुकतो. दोन फुटी ड्रममध्ये ओल टिकते, जीवजंतूंना पुरेसा ऐवज मिळतो.

पण तिचं पथ्य सांभाळावं लागतं, आणि ते न सांगताच पुष्कळ जण ही पद्धत शिकवतात. वाळलेल्या पानांत कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी. चिपाडात आणि लाकडाच्या भुशात तर त्याहून कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते आजूबाजूचं ओढून घेतात आणि त्या काळात लावलेलं रोप उपाशी राहतं. पानं फिकी पिवळी पडतात, वाढ खुंटते. लोक मग घाबरून पाणी वाढवतात. उपाय म्हणजे पाचोळ्याच्या दर वीतभर थरावर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा तयार कंपोस्ट पसरायचं, स्वयंपाकघरातला हिरवा कचरा घालायचा आणि सहा ते आठ आठवडे कुंडी रोपाशिवाय ठेवायची, ओल राखून. धीर नसेल तर मधोमध घमेलंभर तयार मिश्रणाचा खड्डा करून त्यात रोप लावावं. मुळं बाहेर पसरेपर्यंत आजूबाजूचा पाचोळा कुजलेला असतो. शेणखत मात्र खरोखर कुजलेलं हवं. हाताला गार लागणारं, मातीच्या वासाचं, शेणाच्या वासाचं नव्हे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीची अंडी-अळ्या येतात. जाड, पांढरी, अर्धवर्तुळात वळलेली ही अळी मुळं कुरतडते आणि वरून धडधाकट दिसणारं झाड एक दिवस हातात उपटून येतं.

पाचोळा कोणता, हेही महत्त्वाचं. वर्षावृक्षाची, गुलमोहराची बारीक पानं लवकर कुजतात आणि दाबून बसत नाहीत. आंबा, फणस, वड यांची चामड्यासारखी पानं वेळ घेतात, ती चुरून घालावीत. जंगली बदामाची मोठी पानं अख्खी घातली तर एकावर एक बसतात आणि पाणी त्यांच्यावरून कडेला निघून जातं. निलगिरी आणि सुरू मी टाळते.

फेब्रुवारी ते एप्रिल आपल्या शहरांत पानगळीचे ढीग लागतात. हे ढीग पेटवून द्यायची सवय आपण अजून सोडलेली नाही. घनकचऱ्याच्या प्रश्नावर आयुष्यभर लढणाऱ्या अल्मित्रा पटेल यांच्या खटल्यात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, दंडही ठरवला. तरीही पहाटे कोपऱ्याकोपऱ्यावर धूर दिसतो. त्याच वर्षी पुण्यात अदिती देवधर यांनी ‘ब्राउन लीफ’ सुरू केलं. ज्यांच्या आवारात पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना बागेसाठी तो हवा आहे, त्यांची गाठ घालून देण्याचं काम. एका मोठ्या कुंडीत तीन-चार पोती पाचोळा दाबून मावतो आणि महिन्याभराने आणखी दोन पोत्यांची जागा होते. वीस कुंड्यांची गच्ची एका सोसायटीचा अख्खा हंगाम रिचवू शकते. हे मला या पद्धतीतलं सगळ्यात आनंदाचं वाटतं.

हो, जागा होते, कारण कुंडी बसते. सेंद्रिय माल कुजताना निम्म्याहून खाली येतो. काठोकाठ भरलेला ड्रम दोन महिन्यांत अर्धा दिसू लागतो आणि नवशिके समजतात की काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं. वरून भर घालत राहायचं. फळझाड लावायचं असेल तर हा पहिला बसण्याचा काळ संपल्यावरच लावावं, नाहीतर झाडही बरोबर खाली जातं आणि नंतर घातलेली भर खोडाला चढते. लिंबाचं खोड असं मातीत गाडलं गेलं की बुंधा कुजतो.

आता वजनाकडे येते. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इथे घाई करतात.

दोन फूट व्यासाची, दोन फूट उंच गोल कुंडी घ्या. तिच्यात साधारण 170 लिटर मावतं. ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे नुसत्या मातीने भरलेली ही एक कुंडी 300 किलोची झाली. चार धडधाकट माणसं दाटीवाटीने एका फरशीवर उभी राहावीत तेवढं वजन, आणि ती माणसं वर्षानुवर्षं हलत नाहीत. लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात धरलेला चल भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो आहे. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये ओली माती भरली तर त्याच्या बुडाखाली चौरस मीटरला साडेसहाशे किलोंहून जास्त भार पडतो. एक ड्रम ठेवला म्हणून स्लॅब कोसळत नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण असे तीस ड्रम स्लॅबच्या मधोमध रांगेने मांडणं म्हणजे इमारत बांधणाऱ्याने न केलेल्या हिशेबावर विसंबणं. अवजड कुंड्या तुळयांच्या रेषेवर, खांबांजवळ, भिंतीकडेने ठेवाव्यात. इमारत जुनी असेल, सळ्यांना गंज दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पहिला ड्रमही चढवू नये.

पाचोळा, कंपोस्ट आणि कोकोपीट यांवर आधारलेलं मिश्रण पूर्ण भिजल्यावरही लिटरला एक किलोच्या आसपास राहतं, बरेचदा कमीच. त्याच 170 लिटरच्या कुंडीचं वजन निम्म्यावर येतं. गच्चीवर मातीविरहित किंवा मातीचा हात आखडता घेऊन भरणं म्हणूनच गरजेचं. दाभोळकर-दोशींच्या वाटेने गेलेल्यांना हा फायदा आपसूक मिळाला.

सोसायटीतली भांडणं मात्र वजनावरून होत नाहीत, गळतीवरून होतात. गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यावर कुंडीचं पाणी साचून राहिलं, किंवा भोकातून निघालेलं मूळ फरशीच्या सांध्यात घुसलं, की वरच्या मजल्याच्या छतावर डाग उमटतो. मग सर्वसाधारण सभेत बागेच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडतात. कुंडी विटांवर उचललेली असेल, पाणी उताराकडे वाहून जात असेल आणि खालचं बोट-दोन बोट मोकळं दिसत असेल तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. मुळं बाहेर डोकावली की लगेच छाटता येतात. कुंडीत पिंपळ-उंबराचं बी पक्ष्याने टाकलं तर ते रोप बोटभर असतानाच उपटावं.

सजावटीच्या उंच, अरुंद प्लँटरची गोष्ट थोडी वेगळी. हॉटेलांच्या दारात दिसतात तसे तीन फुटी फायबरचे प्लँटर आता घराघरांत आलेत, आणि त्यांत लावायचं असतं ते पेटुनिया किंवा झेंडू, ज्यांना फूटभर खोली पुरते. तीन फूट मिश्रण भरणं हा पैशाचा अपव्यय. इथे खाली पोकळी ठेवायला माझी हरकत नाही. पालथा क्रेट किंवा पालथी जुनी कुंडी ठेवावी, त्यावर जाळी आणि जाळीवर निदान दीड फूट मिश्रण. थर्माकोलचे तुकडे भरू नयेत. ते चुरा होऊन मातीत मिसळतात आणि पुढे कधीही वेगळे करता येत नाहीत. उंच मजल्यावर वारा असेल तर पोकळ बुडाचा प्लँटर पहिल्या वळवात आडवा होतो, तेव्हा क्रेटखाली दोन विटा ठेवाव्यात. वजनासाठी घातलेला दगड आणि निचऱ्यासाठी घातलेला दगड, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कुंडीतच पाचोळा कुजवायचा नसेल, तेव्हा तयार मिश्रणाने भरण्याची माझी रीत साधी आहे. सहा इंच खोलीत मेथी, कोथिंबीर, पालक होतात. वांगी, टोमॅटो, मिरचीला फूट-दीड फूट लागतं, कढीपत्ता आणि लिंबाला त्याहून जास्त. त्यावरून कुंडी ठरते. मग मिश्रण: दोन भाग धुतलेलं कोकोपीट किंवा कुजलेला पाचोळा, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग लाल माती आणि एक भाग काहीतरी जाडसर. भाताचं तूस, विटांची बारीक चुरी किंवा लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे. वर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. मुंबई-कोकणात, जिथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस कोसळतो, तिथे जाडसर भाग दुप्पट करावा. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यासाठी तो कमी करून कोकोपीट वाढवावं. पुण्याच्या सातशे मिलिमीटरला वरचं प्रमाण चालतं. एका कृतीवर अख्खा महाराष्ट्र भागेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हे सगळं कुंडीत थराथराने न ओतता ताडपत्रीवर फावड्याने एकजीव करावं. तळापासून काठापर्यंत एकच मिश्रण असलं की पाणी कुठे अडत नाही. आणि एक लक्षात ठेवावं, पाच घमेली वेगवेगळा माल एकत्र केला की पाच घमेली मिश्रण होत नाही. बारीक कण मोठ्या फटींत शिरतात आणि आकारमान घटतं. पाचवा हिस्सा जास्तीचा धरूनच माल आणावा. मिश्रण भरण्याआधीच दमट करावं, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत. कोरडं कोकोपीट कुंडीत भरून वरून पाणी घातलं तर ते पाणी नाकारतं. भरताना पायाने किंवा थापीने चेपू नये. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटावी, पाणी घालून बसू द्यावं आणि पुन्हा भरावं. वर दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी, पाणी साठायला आणि आच्छादनाचा पाचोळा घालायला.

रोपवाटिकेतलं रोप बहुधा काळ्या पिशवीत, चिकट लाल मातीच्या हुंडीत वाढलेलं असतं. ‘हुंडी फुटू देऊ नका’ हा सल्ला वाहतुकीपुरता खरा. ती घट्ट हुंडी तशीच भुसभुशीत मिश्रणात बसवली तर दोन्ही पाण्याशी वेगवेगळं वागतात. आजूबाजूचं ओलं आणि हुंडी ठणठणीत, किंवा नेमकं उलट. म्हणून हुंडी बादलीत भिजवून कडेची माती बोटांनी मोकळी करावी, पिशवीच्या आकारात गोल फिरलेली मुळं सोडवावीत किंवा कापावीत. आणि दोन फुटी कुंडीत एवढंसं रोप लावलं असेल तर पाणी रोपापुरतंच घालावं. मुळं जिथे पोचलेली नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, ते नुसतं साचून आंबतं. मोकळ्या जागेत पालक, कोथिंबीर, चवळी पेरली तर तोही प्रश्न सुटतो आणि भाजीही मिळते.

तीन-चार वर्षांनी मिश्रण बारीक होतं, हवा कमी होते, पाणी वर तळ्यासारखं थांबू लागतं. ही माती मेली म्हणून ती रस्त्याकडेला ओतणारे पुष्कळ. ती मेलेली नसते. मे महिन्यात ताडपत्रीवर पसरून, मुळं वेचून, चांगलं ऊन दाखवावं. तिसरा हिस्सा ताजं कंपोस्ट आणि तेवढंच तूस किंवा विटांची चुरी मिसळली की ती पुन्हा भरायला तयार होते. फळझाड असेल आणि उपटायचं नसेल तर पावसाच्या तोंडावर कुंडीच्या कडेने वीतभर रुंदीची वर्तुळाकार चर खणावी, जुनी माती आणि सुटी मुळं काढून नवं मिश्रण भरावं. एका वर्षी अर्धं वर्तुळ, पुढच्या वर्षी उरलेलं. दशेरी आणि नीलमच्या संकरातून आलेला आम्रपाली आंबा बुटका राहतो, त्यामुळे ड्रममध्ये तो अशा निगेवर पुष्कळ वर्षं फळतो. काढलेली जुनी माती पाचोळ्याच्या नव्या ड्रममध्ये थरांमध्ये घालायला उपयोगी पडते. तिच्यातले जीवजंतू विरजणाचं काम करतात.